आप्पांच्या नावापुढचा दोनाचा आकडा

एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी माझ्या आयला तोंडावर ‘नोकराची बायको’ म्हणालं. आय भरल्या ताटावरून उठली. त्याच आठवड्यात मी पालघरला जायचं पक्कं केलं. जुन्या जनगणनेत आपली माणसं शोधायला निघालेल्यांसाठी साठच्या दशकातल्या त्या दोन दिवसांची ही हकीकत.

माझे वडील, आप्पा, तारापूरजवळच्या घिवलीचे. मी अकरा वर्षांची असताना ते मासेमारीला गेले; बोट परत आली, ते आले नाहीत. ज्या बोटीवर ते जात, त्या बोटीच्या मालकाने सांगून टाकलं की जाळं बोटीचं, आणि आप्पा नुसते नोकर. आय म्हणायची, जाळं आपलं होतं, त्याचं सूत मी काढलंय. पण भांडायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. मला घेऊन ती कल्याणला भावाकडे आली आणि गोधड्या शिवून तिने मला मास्तरीण केलं.

एकसष्टच्या जनगणनेत मी स्वतः प्रगणक होते. धंद्यांचे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ. एक्कावन्नला आप्पा हयात होते आणि त्या जनगणनेवरून गावोगावच्या वह्या उतरवून तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे पालघरला, ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. कागद आयच्या बाजूने बोलणार, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती.

पहाटे कल्याण सोडलं. दादरला एकदा, विरारला एकदा गाडी बदलली. उन्हं वर येईस्तोवर पालघरला पोचले. कचेरीत जाताना डबा बरोबर ठेवा, आणि माणसाचं नाव, गाव, घर कुठल्या वाडीत ते एका कागदावर लिहून न्या. मी तसं केलं होतं, म्हणून वही दुपारपर्यंत निघाली. चष्मा कपाळावर चढवलेल्या कारकुनाने बाकीच्या ओळींवर कागद ठेवला आणि आमच्या घराच्या ओळी तेवढ्या दाखवल्या.

आप्पांच्या नावापुढे पाच. मी चक्रावले. “हे कारखान्यात कधी होते?”

“बाई, तुम्ही एकसष्टचं कोष्टक लावताय,” कारकून हसला. “या वहीत पाच म्हणजे शेती सोडून कसलंही उत्पादन. मासेमारीसुद्धा त्यातच.”

एवढं लक्षात ठेवा: दर जनगणनेचे आकडे निराळे, त्यामुळे ज्या सालची वही त्याच सालचं कोष्टक मागून घ्या. पाचाचा उलगडा झाला, पण त्याच्या शेजारी दोन होता. एक म्हणजे मालक, दोन म्हणजे नोकर, तीन म्हणजे स्वतंत्र धंदा. मी दोनदा वाचलं. दोनच. मला राग आला. आयला हे कुठल्या तोंडाने सांगू?

स्टेशनजवळच्या खानावळीत जेवले, ओळखीच्या एका शिक्षिकेकडे मुक्काम केला. रात्री एकच गोष्ट डोक्यात होती. प्रगणक दारात येतो तेव्हा दर्यावरचा माणूस घरी नसतोच. मग हे उत्तर दिलं कुणी? ते कळल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवलं.

सकाळच्या गाडीने बोईसर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्यामुळे स्टेशनबाहेर कामगारांची ही गर्दी. “बहनजी, साइट पे जाना है क्या?” एकाने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली आणि एस.टी. पकडली. रस्ता खडीचा होता, पाम गावाच्या पुढे तर दात एकमेकांवर आपटत होते. शेवटचा टप्पा पायी. वाटेच्या दुतर्फा बोंबील वाळत होते. तो वास आला आणि मी एकदम अकरा वर्षांची झाले.

बोटमालक केव्हाच वारला होता. त्याची बायको, पार्वतीकाकी, ओट्यावर सुके मासे निवडत होती. तिने मला ओळखलं, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण पुढे केलं. मी घास घेण्याआधीच विचारलं, “काकी, एक्कावन्नला गणतीवाले मास्तर आले तेव्हा आप्पांचं कुणी सांगितलं?”

“मीच. पुरुष सगळे दर्यावर, तुजी आय बाजाराला गेलेली. मास्तरांनी विचारलं, हा काय करतो? मी बोलली, आमच्या बोटीवर हाय.”

“आणि जाळं कुणाचं होतं?”

काकीने माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. “कोनाचं म्हंजे? त्याचंच. बोट एकाची, जाळी ज्याची त्याची. मासळीत जाळ्याचा वाटा येगळा निघतो ना! मास्तरांनी ते विचारलंच नाय.” मग खाली मान घालून म्हणाली, “आमच्या मानसाने ते जाळं ठेवून घेतलं, ते बरं नाय केलं. तुज्या आयला सांग, मी असं बोलली म्हनून.”

म्हणजे दोनाच्या जागी तीन हवा होता. भाकरी मला तेव्हा गोड लागली.

संध्याकाळी कल्याणला पोचले. आय गोधडी शिवत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले, दोन टाके घातले, मग विचारलं, “आणि माज्या नावापुढं काय?”

“परावलंबी. काही न कमावणारी.”

“बरं. ते मास्तर परके. एकसष्टला तर तूच वही घेऊन बसली होतीस. तू काय लिवलंस?”

घरगुती उद्योगाला चार हा आकडा होता. चाळीत घरबसल्या काम करणाऱ्या प्रत्येकीला मी तो अचूक लावला होता. आयची गणतीची चिठ्ठी भरताना मात्र तिच्या मांडीवरची गोधडी बाजूला सारून मी वही टेकवली आणि ‘काम करत नाही’ असं लिहिलं. तिला विचारलंसुद्धा नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा शरमेने माझी मान वर होईना.

“असू दे,” आय म्हणाली. “दोरा ओवून दे.”

पुढच्या जनगणनेला एक तरुण प्रगणक आमच्याकडे आला. माझं विचारून झाल्यावर त्याने आयकडे नुसतं बघितलं आणि पेन टेकवलं. मी त्याचा हात धरला. “आधी तिला विचारा.”

“आजी, तुम्ही काय करता?”

“गोधड्या शिवते,” आय म्हणाली.

त्याची ओळ पुरी होईपर्यंत मी दारात उभी राहून त्याच्या पेनाकडे बघत होते.