आईची चुगली करणारी मशीन

मंडळी, आज दुपारी हळद वाळत घालताना आई घामाघूम होऊन खाली बसली. मी तिला हिंगोलीला, दवाखान्याच्या इमर्जन्सीत आणलं.

"काही न्हाई, पित्त हाय," ती डॉक्टरांना हसून म्हणाली. "त्या रडणाऱ्या लेकराला आधी बघा."

सिस्टरनं तरी ईसीजी काढलाच. तिथं आता एआय तो लगेच वाचतं. स्क्रीनवर लाल इशारा आला: हार्ट अटॅकची शंका. डॉक्टर धावत आले आणि तिथंच उपचार सुरू झाले.

आता धोका टळलाय. आई मशीनकडे बघून म्हणते, "लई चुगलखोर हाय गं ही!"

मी हसता हसता रडले. आज तुमच्या आईला विचारा, बरी आहेस का? आणि तिच्या पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका.