तिसऱ्या सिलिंडरचे पाणी

संतापाला आपण षड्रिपूंच्या पंक्तीत बसवून मोकळे झालो. प्राचीन ऋषी मात्र अधिक सूक्ष्मदर्शी होते. त्याच कुळातल्या मन्यू नावाच्या भावाला त्यांनी देवत्व दिले. क्रोध अपराधी शोधतो आणि तो सापडला की शांत होतो. मन्यू कारण शोधतो. कारण हाती येईपर्यंत तो स्वतःला विश्रांती देत नाही आणि भोवतालच्यांनाही देत नाही. आमच्या डोंगरातल्या नारीन गावच्या ओमुराकुन उस्तांना लोक चिडका म्हणत. मला वाटते, त्यांच्या ठायी मन्यूचा निवास होता, आणि अशा माणसाचा शेजार फारसा सुखाचा नसतो.

उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, ही पदवी गावच देते आणि गावच काढून घेते. सरकारी शेतसंस्थेच्या यंत्रशाळेत वीस वर्षे काढून, संस्था मोडल्यावर, उस्तांनी स्वतःच्या अंगणात खड्डा खणला, त्यावर पत्रा घातला आणि ट्रक दुरुस्त करायला सुरुवात केली. हवा, बाजारातले सुटे भाग, रस्ते, सरकार आणि सल्ला देणारे शेजारी या सर्वांवर त्यांचा रोष होता. अडकलेल्या नटाला मात्र त्यांनी कधी शिवी दिली नाही. त्याला ते गरम करीत आणि वाट पाहत.

जूनच्या आरंभी एका मंगळवारी सारिगुल आपला जुना रशियन ट्रक धापा टाकत घेऊन आला. ट्रकवर घडी केलेला तंबू, लोखंडी चूल, रजया आणि पिठाची पोती होती; सर्वांत वर त्याची आई, काकेन आपा, ताठ बसलेली. मेंढ्या आणि घोड्या घेऊन सारिगुलचा बाप चोटबाय दोन दिवसांपूर्वीच पायी सोन-कोल तलावाकाठच्या उंचावरच्या कुरणाकडे निघाला होता. त्याच्याजवळ पाच दिवसांची भाकरी आणि एक जाड लोकरी नमद्याचा अंगरखा होता. त्या उंचीवर जूनमध्येही बर्फ पडते, आणि चोटबायने सत्तरी ओलांडली होती.

"पाणी पितोय, उस्ता," सारिगुल म्हणाला. "रोज बादलीभर. खाली थेंब नाही, कुठे ओल नाही."

"मग जातं कुठे? नमाजाला?" उस्तांनी तेल मोजायची काडी उपसली. तेल दूध घातलेल्या चहासारखे झाले होते. "हे बघ. आतल्या आत गळतंय. एवढ्यात कुणी उघडलंय हे?"

"बाजारातल्या एकाने. दोनदा हेडचं गॅस्केट बदललं."

"दोनदा! एकदा बदलून थांबलं नाही, तेव्हा गॅस्केटचा दोष नाही हे त्या शहाण्याला कळू नये? ताप आला की दरवेळी टोपी बदलतो काय? आणि तू? रेडिएटरमध्ये काही ओतलंयस?"

"काही नाही."

"नीट आठव."

"देवाशपथ काही नाही, उस्ता!"

इंजिनातले पाणी तेलात दोन वाटांनी उतरते: वरून, म्हणजे हेड या इंजिनाच्या झाकणाच्या, गॅस्केट बसवलेल्या सांध्यातून किंवा एखाद्या भेगेतून, अथवा खालून, जिथे सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली नळी, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तांब्याच्या पातळ कड्यावर टेकलेले असते. उस्तांनी तळाचे तेलाचे चेंबर उतरवले, इंजिनात पाणी भरले आणि दिवा घेऊन ते खड्ड्यात उताणे पडले. वर शेजारी जमले.

"पंप असेल, उस्ता."

"माझ्या मेव्हण्याचा असाच होता. विकून टाकला."

"तुझा मेव्हणा विकला असतास तर गावाचं भलं झालं असतं," खड्ड्यातून आवाज आला. "उजेड सोडा!"

संध्याकाळपर्यंत एकही थेंब पडला नाही. म्हणजे दोष वर. बुधवारी हेड उतरले. ते उस्तांनी घासून-पुसून, केरोसीन लावून, खडूची भुकटी शिंपडून तपासले. भेग नव्हती. गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशी करपलेले होते, पण ते का करपले याचे उत्तर गॅस्केटजवळ नव्हते. वर दोष नाही, खाली दोष नाही, आणि पाणी तर जाते. उस्तांनी टोपी जमिनीवर आपटली, उचलली, झटकली आणि पुन्हा आपटली.

गुरुवारी सकाळी दक्षिणेकडच्या डोंगरांवर ढग उतरले. सारिगुल पुन्हा पुन्हा तिकडे पाहू लागला. आपा ट्रकवरून उतरून खड्ड्याच्या कडेला येऊन बसल्या. उस्तांनी वैतागून सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत तार घातली. तार बाहेर आली ती पिवळसर, चिकट लगदा घेऊन. त्यांनी तो हुंगला.

"मोहरी! इंजिन आहे की लोणच्याची बरणी? सारिगुल, देवाची शपथ घेतलीस ना तू?"

"मी नाही, उस्ता! खरंच नाही!"

"मी ओतली," आपा शांतपणे म्हणाल्या. "हा बाजाराला गेला होता. पाणी जात होतं, म्हणून ओतली. शेतसंस्थेच्या काळात सगळे ड्रायव्हर ओतायचे. तूही ओतायचास, ओमुराकुन. मी पाहिलंय."

"तेव्हा गाढव होतो मी, आपा!"

"मग मला कसं कळावं, की आता नाहीस?"

शेजारी पोट धरून हसले. उस्ता हसले नाहीत. पण त्यांच्या कपाळाची एक शीर उतरली, कारण आता त्यांना कळले होते. मोहरीच्या भुग्याने गळतीचे तोंड थंड पाण्यापुरते बुजवले होते. इंजिन तापले, दाब चढला, की ते उघडत असे. खड्ड्यात वाया गेलेला दिवस मोहरीने खाल्ला होता.

गरम पाणी आणि धुण्याचा सोडा यांनी ती पोकळी दुपारपर्यंत धुतली गेली. पुन्हा पाणी भरले, उस्ता पुन्हा उताणे पडले. अर्ध्या तासात तिसऱ्या सिलिंडरच्या बुडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि त्यांच्या कपाळावर पडला. वर येऊन त्यांनी ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी धरली. लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा कागदाच्या जाडीइतके वर उभे असावे लागते. तिसरे मात्र केसभर खाली बसले होते. म्हणूनच तिथे गॅस्केट नीट दाबले जात नव्हते आणि करपत होते. बुडाचे कडे पातळ होते. एवढ्या एका दोषातून वरची आणि खालची दोन्ही दुखणी जन्मली होती.

"कुणी बसवलं हे?" उस्ता गरजले. "कुठल्या हरामखोराने? हात तोडायला हवेत त्याचे!"

त्यांनी पिस्टन काढला, लायनर उपसले, कडे पुसून उजेडात धरले. तांब्याच्या त्या पातळ पट्टीवर मेंढ्याच्या शिंगांची ठोक्याची नक्षी होती.

मग उस्तांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "सेयिल, बाहेर ये. तुझं घंगाळ सापडलं."

त्यांची बायको दारात आली. नक्षी तिने लांबूनच ओळखली. "माझ्या माहेरचं! अकरा वर्षं विचारतेय, चोराने नेलं म्हणालात!"

"चोरानेच नेलं," उस्ता म्हणाले. मग ते सारिगुलकडे वळले. शेतसंस्था मोडल्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत सुटा भाग सोन्याच्या भावातही मिळत नसे. तेव्हा हात धुण्याचे ते घंगाळ कापून त्यांनी कडी केली होती. जाडी मोजायला साधन नव्हते, म्हणून बोटांनी अजमावली होती. "माझंच काम आहे हे. बाजारातल्या त्याला मी विनाकारण बोललो. तुझा बाप वर उघड्यावर आहे, तो माझ्यामुळे."

सारिगुल एक पाऊल पुढे आला. बोलायला त्याच्याजवळ पुष्कळ होते. आपांनी त्याच्या बाहीला हिसका दिला.

"भांडण परतल्यावर," त्या म्हणाल्या. "आधी म्हातारा. ओमुराकुन, बोलून झालं ना? मग हात चालव."

कारखान्यातले कडे आता मिळत होते. उस्तांच्या फळीवरच होते. त्यांनी बैठक घासली, कडे बसवले, लायनरची उंची दहादा पाहिली, नवे गॅस्केट घातले आणि मध्यातून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने, हेडचे नट तीन फेऱ्यांत आवळले. त्या वेळी सेयिलने चहाला बोलावले. त्यांनी मान वर केली नाही. भाकरीला नाही म्हणणे आमच्याकडे पाप आहे. म्हणून आपांनी तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला, आणि तो चघळत ते पुढचा नट आवळत राहिले. शुक्रवारी सकाळी इंजिन सुरू झाले. तासभर चालवल्यावरही तेल स्वच्छ होते. त्यानंतरच उस्तांनी ट्रक सोडला, आणि ते स्वतःही वर चढून बसले.

घाटापलीकडे बर्फ पडून गेले होते. चोटबाय एका खडकाच्या आडोशाला, मेंढ्यांच्या उबेत, तापाने फणफणत बसलेला सापडला. "लवकर आलात," तो म्हणाला. उस्तांनी तंबूचे दोर स्वतःच्या हाताने बांधले, आणि आपली चूक त्यालाही सांगितली. म्हाताऱ्याने ऐकून घेतले आणि चूल पेटवायला सांगितले.

त्या उन्हाळ्यात उस्तांनी नवे काम घेतले नाही. घंगाळाची नऊ कडी सात ट्रकांत गेली होती. एक सारिगुलचा. उरलेले सहा त्यांनी गावोगाव फिरून हुडकले, मालकांच्या शिव्या ऐकल्या, त्यांना उलट शिव्या दिल्या, आणि प्रत्येकाचे इंजिन उघडून कडी बदलली. पाच वर्षांनी छातीच्या दुखण्याने ते गेले. त्यांच्यामागे सेयिल आहे, दोन लेकी आहेत, आणि ते सहा ट्रक आहेत. त्यांतले चार अजून चालतात.