दादाच्या हातचं घर

बांधकामावरची माणसं तिला पंखेवाली ताई म्हणायची. नवं घर बांधून झालं की राहायला येणाऱ्यांच्या आधी ती यायची. दाराच्या चौकटीत जाड कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवायची आणि घरातली हवा बाहेर ओढायची. मग जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत शिरे, आणि ती ओल्या हाताच्या पाठीनं ती फट नेमकी पकडे. घर ऊब धरून ठेवतं की नुसतीच वीज खातं, याचा निकाल तिच्या कागदावर. ती ना बांधणाऱ्याची, ना विकत घेणाऱ्याची. म्हणूनच तिच्या सहीला वजन होतं.

हे काम शिकायला तिला पाठवलं होतं थोरल्या भावानं. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून थापी हातात घेतली. "भिंती मी उभ्या करतो, तू त्या पारखायला शीक," असं म्हणाला होता.

सहा वर्षांपूर्वी दादानं स्वतःच्या जबाबदारीवर पहिलं घर बांधलं आणि तपासणी नेमकी तिच्याच वाट्याला आली. आपलं मन साफ आहे, मग नातं कशाला सांगत बसायचं, म्हणून ती ऑफिसात काही बोलली नाही. पंखा सुरू केला, तर ओट्याखालच्या कपाटातून वारा भणभणत आला. पाइपांभोवतीच्या भोकांत सिमेंटच्या पोत्याचे तुकडे कोंबलेले होते. तिनं नापास लिहिलं. दादाच्या हातून पुढच्या तीन घरांची कामं गेली.

"एवढ्याशा फटीकडे काणाडोळा केला असतास, तर आभाळ कोसळलं असतं?" दादा म्हणाला.

"फट एवढीशी नव्हती, दादा."

"मग हे काम दुसऱ्याकडे द्यायचंस. बहिणीच्या हातून हा कागद घ्यायची वेळ का आणलीस माझ्यावर?"

त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलायचा बंद झाला.

मग सहा वर्षं ती माणसं यायच्या आधीच्या घरांतून फिरत राहिली. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली की वाटायचं, आत्ता मागून दादाची हाक येईल, "ए चिमणे, शिडी धर." मागे वळावं, तर नुसत्या रंगाचा वास.

एके दिवशी एका नव्या घरी पंखा लावण्याआधी तिनं सवयीनं ओट्याखाली डोकं घातलं आणि तशीच थबकली. पाइपाभोवतीची चिकटपट्टी एकही सुरकुती न पडता बसली होती आणि तिचे कोपरे कात्रीनं गोल कापले होते. "चौकोनी कोपरा आधी सुटतो," असं म्हणत तिच्या वह्यांच्या कव्हरांना दादा असेच कोपरे कापायचा. कागदावर नाव मालकाचं होतं, पण हात कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. ती त्या गोल कोपऱ्यावरून बोट फिरवत किती वेळ बसली, तिलाच कळलं नाही.

हे घर पास होणार, याची तिला खात्री होती. तो कागद आपल्या हातानं दादाला द्यावा, असं फार फार वाटलं. तिनं ऑफिसला फोन लावला. "हे माझ्या भावाचं काम आहे. दुसरं कुणीतरी पाठवा."

तासाभरानं ऑफिसातले एक वयस्क तपासनीस आपला पंखा घेऊन आले. ती रस्त्यापलीकडच्या कठड्यावर जाऊन बसली. तेवढ्यात स्कूटर थांबली. दादा उतरला. कानाशी केस पिकले होते, गुडघा जरा धरत होता.

तिला पाहून तो जागीच थांबला. "झाली तपासणी?"

"चालू आहे. मी करत नाहीये."

"का?"

"भावाचं घर बहिणीनं तपासायचं नसतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

दादा आत गेला. बऱ्याच वेळानं कागदाची घडी खिशात घालत बाहेर आला. "पास," एवढंच म्हणाला. स्कूटरला किल्ली लावली, मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "वहिनी विचारत असते तुझं."

"मग काय सांगतोस?"

"सांगतो, कामात असते."

ये म्हणाला नाही. तिलाही येऊ का असं विचारवलं नाही.

पुढचे दोन आठवडे फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. शेवटी एका रविवारी तिनं स्वतःच फोन लावला. वहिनीनं उचलला. "अगंबाई! थांब हं, ठेवू नकोस," म्हणत ती आत धावली. मग पावलं वाजली.

"बोल," दादा म्हणाला.

सहा वर्षं मनात घोळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडी येईना. "काही नाही रे. सहजच."

"मग बोल की सहजच," दादा म्हणाला, आणि पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.