डोमाभाऊंची दोन पत्रं

डोमाभाऊ गेल्याचं मला ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर कळलं. त्यांच्या सुनेचा फोन होता. "मास्तर, बाबा गेले जी," एवढंच ती बोलली. त्याला आता सव्वा महिना झाला. दुःख आहेच, पण त्याहून जास्त मला माझाच राग येतो, आणि तो काढायचा कुणावर...

डोमाभाऊ आमच्या गावचे ढिवर, तलावातल्या मासोळीवर पोट असणारे. तलावात कुणी बुडालं, तर मढं हाती लागेपर्यंत जाळं टाकायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. धाकटा भाऊ नामदेव नौदलात गेला आणि युद्धात जहाजासकट बुडाला. मढं मिळालंच नाही. तेव्हापासून डोमाभाऊंनी जाळ्याला हात लावला नाही. जन्मभर दुसऱ्याच्या धानात राबले. लोक हसायचे. मीही एकदा म्हणालो, "अहो, समुद्र कुठे, आपला तलाव कुठे!"

"पानी पानीच रायते, मास्तर. भाऊ आतच हाये ना अजून."

तीन वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याचं पत्र आलं. नामदेवच्या बुडालेल्या जहाजाचा पत्रा गंजून टाक्यांतलं तेल समुद्रात झिरपत होतं. ते उपसायचं तर जहाजाला भोक पाडावं लागणार, आणि आत खलाशी. म्हणून घरच्यांची संमती हवी होती. डोमाभाऊ भडकले. "थे समाधी हाये त्याची. तिथी भोकं पाडता? नाई म्हना, मास्तर!" मी गावचा निवृत्त पोस्टमास्तर, पत्रं लिहून देणारा. नकार लिहिला, वर पदरची दोन कडक वाक्यं घातली. आम्ही दोघंही फुशारून गेलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात पंपाचं डिझेल तलावात सांडलं. सकाळी मासे उताणे तरंगत होते. डोमाभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक उचलत होते. "नामदेवाच्या जहाजातून बी हेच निंगून राह्यलं का?" त्यांनी विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी ते घरी आले. "दुसरं पत्र लिवा. तेल काढून घ्या म्हना, फक्त पोरांले हात लावू नका. नामदेवाच्या नावावर हे पाप नोको." खाली त्यांनी सावकाश सही केली.

ते पत्र मी पोस्टात टाकलंच नाही. वाटलं, म्हातारा हळवा झालाय, चार दिवसांनी फिरेल आणि हसं माझं होईल. चार दिवसांचे आठ महिने झाले. भेटले की विचारायचे, "उत्तर आलं का जी?" मी म्हणायचो, "सरकारी काम अन् सहा महिने थांब." ते मान डोलवून जायचे. उभ्या नोकरीत मी कुणाचं पोस्टकार्डसुद्धा अडवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्या खात्याचं पत्र पुन्हा आलं, डोमाभाऊंच्या नावानं. बाकी सगळ्या कुटुंबांचा होकार आहे, आपल्या एका नकारामुळे काम थांबलं आहे, कृपया फेरविचार करावा... सून ते वाचून घ्यायला माझ्याकडेच आली.

परवा मी त्यांचं सहीचं पत्र रवाना केलं. सोबत माझ्या नावानं लिहिलं, की सही करणारे आता हयात नाहीत आणि हा होकार माझ्या कपाटात पडून होता. इतके महिने तिकडे तेल गळत होतं, आणि इकडे डोमाभाऊ उत्तराची वाट पाहत होते.