जहाजावर नेलेले तीस हजार

नागपूरच्या डॉक्टरांनी बायकोला घरी घेऊन जायला सांगितलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी मुंबईत नर्स असलेल्या आमच्या मुलीने आम्हा दोघांसाठी क्रूझची तिकिटं काढली. मुंबईहून गोव्यापर्यंत आणि परत. तिच्या आईने समुद्र पाहिला नव्हता. मी दरेकसा भागात रेल्वेच्या रुळांवर नोकरी केली, पास मिळायचा, पण आम्ही कधी तिकडे गेलोच नाही.

जेवणखाण तिकिटातच होतं. वरखर्चाला रोख किती न्यावी, एवढाच प्रश्न होता. फुलचूरला आमच्या शेजारचे दुकानदार अशा जहाजावर जाऊन आले होते. ते म्हणाले, "पाँच हजार बहुत है. वहाँ सब कार्ड पे चलता है."

मी बँकेतून तीस हजार काढले.

"कायले एवढे काढून राहिले?" बायकोने विचारलं. "तितं काय बजार हाय?"

"असू दे. लागले तं?"

खरं म्हणजे तिच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं.

जहाजावर रोख कोणी घेईना. पैसे काउंटरवर जमा करायचे, मग खर्च खोलीच्या कार्डावर. मी सगळेच जमा केले. संध्याकाळी तिला डेकवर नेलं. कठडा धरून ती जरा वेळ उभी राहिली.

"चोरखमाऱ्याच्या तलावावानीच हाय," ती म्हणाली. "फक्त त्या बाजूचा काठ दिसत नाई."

आईस्क्रीम खातेस का, विचारलं. चहा? दुकानातली एखादी शाल? प्रत्येक वेळी तिने नुसती नाही म्हणून मान हलवली.

जेवायला बसलो आणि तिला उलट्या सुरू झाल्या. जहाजावरच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. पुढचे दोन दिवस बिनखिडकीच्या खोलीत गेले. वरच्या मजल्यावर गाणी चालू असायची. गोवा आला आणि गेला, आम्हाला कळलंही नाही.

उतरताना डॉक्टरचं बिल कापून उरलेले पैसे मला पाकिटात परत मिळाले.

"किती उरले?" तिने विचारलं.

"एकवीस हजार."

"राहू द्या मंग. पुढं लागतीन."

कशाला लागतील, हे मला कळलं. मी पाकीट आतल्या खिशात ठेवलं.

मुलगी बंदराच्या दारात उभी होती. "आई, मजा आली का?"

"आली," बायको म्हणाली, आणि टॅक्सीत बसताच तिने डोळे मिटून घेतले.