गुळाची चकाकी

पनवेलहून कोन गावाकडे जाताना जो मोकळा माळ लागतो, तिथे १९४४च्या डिसेंबरात आमचा कॅम्प होता. ट्रान्सपोर्ट कंपनीचे दोन प्लॅटून, रांगेत उभे ट्रक, तंबू आणि पत्र्याचं एक कुकहाऊस. मी तिथे लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. फौजेत होतो म्हटलं की लोक लगेच विचारतात, किती मारले? चार वर्षांत मी गोळी झाडली ती फक्त रेंजवर, आणि तीही टार्गेट सोडून मातीत. माझी सगळी नोकरी चुलीपुढे गेली.

रिव्हेली, म्हणजे उठायचा बिगुल, पाचला. सव्वापाचला चहा, सातला नाश्ता, साडेबाराला जेवण. सहाला उद्याच्या शिध्याची यादी. पोस्टिंग घरापासून दोन कोसांवर आली म्हणून मी खूश होतो. आमचं घर खाडीकाठच्या मिठागरावरचं. बाप मीठ ओढायचा, आई मासळी खारवायची. पण कॅम्पात मी हे फारसं सांगत नसे. ऑफिसर मेसमध्ये काम करणारा माणूस म्हणजे काही साधा लांगरी नव्हे, असा माझा समज होता. पुडिंग, रोस्ट, कटलेट सगळं शिकलो होतो. डोक्यावरची पांढरी टोपी मी रोज इस्त्री करून घालायचो.

हे सगळं ठाऊक असलेला एकच माणूस कॅम्पात होता. लान्स नाईक पास्कू, दुसऱ्या प्लॅटूनचा ड्रायव्हर. पनवेलच्या बंदराजवळ राहणारा ख्रिस्ती पोरगा. लहानपणी आम्ही एकाच खाडीत खेकडे पकडलेले. माझं नाव बाळाराम, पण तो मला सगळ्यांदेखत ‘बाल्या’ म्हणायचा आणि माझी टोपी तिरकी करून पळायचा.

दुसरा प्लॅटून सत्तावीस डिसेंबरला पूर्वेच्या आघाडीवर निघणार होता. त्यात ख्रिस्ती ड्रायव्हर बरेच. कॅप्टनसाहेबांनी ठरवलं की नाताळचं जेवण ऑफिसर आणि जवान एकत्र करतील. त्यासाठी मुंबईहून डुकराची अख्खी तंगडी मागवली, खारवून धुरावलेली. तिला हॅम म्हणतात. गोणपाटात गुंडाळून आली तेव्हा ती लाकडासारखी टणक होती.

हॅमची रीत अशी. आधी थंड पाण्यात चोवीस तास भिजवायची, म्हणजे मीठ उतरतं. मग मंद आचेवर पाच तास उकडायची. मग कातडी काढून चरबीवर सुरीने चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचायची आणि वरून गोड पाक लावून भट्टीत भाजायची. साखर रेशनवर होती, म्हणून मी पनवेलच्या बाजारातून चांगला पिवळा गूळ आणला. त्यात मोहरीची पूड आणि संत्र्याचा रस. वाटीभर पाक आधी करून पाहिला. काचेसारखा चमकत होता. पास्कूने बोट बुडवून चाटलं.

“बाल्या, आयशीला सांगतो तू काय चीज बनवतंस. तिला खरं नाय वाटणार.”

पास्कू नाताळला हॅम मिळणार म्हणून आठ दिवस नाचत होता. त्याच्या घरी सणाला डुकराचं मांस व्हायचं, पण असली पाक लावलेली अख्खी तंगडी त्याने फक्त ऑफिसरांच्या ताटात पाहिली होती.

चोवीस तारखेला सकाळी सहाला मी हॅम भिजत घातलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसच्या टेलिफोनवर मेसेज आला. सुभेदारसाहेबांनी शिट्टी फुंकली.

“दुसरा प्लॅटून, मूव्ह ऑर्डर. आज पंधराशे आवर्स. कल्याण स्टेशन. तयारी करो.”

तीन दिवसांनी जायचं ते त्याच दुपारी तीनला. साडेनऊला कॅप्टनसाहेब स्वतः कुकहाऊसमध्ये आले. मागे पास्कू, हातात ट्रकचं स्पॅनर.

“कुक, हॅम दो बजे तक हो सकता है?”

“नहीं साब. चौबीस घंटा भिगोना पडता है.”

“कोई और तरीका?”

मी उत्तर द्यायच्या आत पास्कू हळूच बोलला, “बाल्या, घरी खारी घोळ कशी करतंस? तुकडे कर. गरम पान्यात उकळ आनि पानी फेक. परत घाल, परत फेक. मीठ जातं. माझी आय तर असंच करते. आमाला चकाकी नको, खायला मिळालं म्हणजे झालं.”

तो म्हणत होता ते खरं होतं. आमच्याकडे पाहुणा अचानक आला की आई तसंच करायची. तासाभरात खारा मासा ताटात. हॅमला तीन तास लागले असते, फार तर साडेतीन. माझ्या हातात साडेचार होते.

पण तुकडे केले की तंगडी गेली. चौकटी गेल्या, लवंगा गेल्या, चकाकी गेली. आणि कॅप्टनसाहेबांसमोर मी मिठागरावरची अक्कल चालवायची? उद्या सगळ्या मेसमध्ये चर्चा, की याने हॅमचं सुकट केलं. माझ्या डोक्यात हेच आलं, दुसरं काही आलं नाही.

“नहीं साब. कोई तरीका नहीं.”

साहेब मान हलवून गेले. पास्कू स्पॅनर घेऊन ट्रककडे वळला. त्याला माहीत होतं की मी खोटं बोललो. साहेबांना तो सांगू शकला असता. सांगितलं नाही.

बारा वाजता मी प्लॅटूनला पुरी, बटाटा आणि डब्यातलं मटण दिलं. पावणेतीनला फॉल-इन. पास्कूचा ट्रक चौथा होता. मी टोपी काढून जवळ गेलो. 

“रागावलास?”

“नाय रे. परत आलो की अख्खी तंगडी घेईन. तुज्या हातची.”

बरोबर तीनला पहिला ट्रक हलला. धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो.

पंचवीस तारखेला रात्री आठ वाजता मी हॅम मोठ्या ताटात घेऊन मेसमध्ये गेलो. असं हॅम पुन्हा माझ्या हातून कधी झालं नाही. चौकट न् चौकट सारखी, वर गुळाची तांबूस चकाकी. पाहुणे ऑफिसर उठून उभे राहिले. कॅप्टनसाहेबांनी मात्र एकच तुकडा घेतला आणि म्हणाले, “लडकों को मिलना चाहिए था.” मी कुकहाऊसमध्ये येऊन बसलो. लांगऱ्याला चव घ्यावी लागते म्हणून मी डुकराचं मांस चाखत असे, आईला न सांगता. त्या रात्री चाखलं नाही.

मार्चमध्ये बातमी आली. नदीच्या उतारावर ट्रकांच्या रांगेवर बॉम्ब पडले. प्लॅटूनचे सहा जण गेले. त्यात पास्कू होता.

सेहेचाळीसला फौजेतून सुटून आलो, आणि त्या नाताळला हिंमत करून पास्कूच्या घरी गेलो. कबूल करायचं असं ठरवूनच गेलो होतो. रोझामावशी, म्हणजे त्याची आई, ओट्यावर बसली होती. मला पाहताच उठली, माझे दोन्ही हात धरले आणि रडली.

“बाला, तू माज्या पोराला नाताळचं जेवण दिलंस. देव तुजं भलं करो.”

मला काही कळेना. तिने पेटीतून एक पत्र काढलं. तिला वाचता येत नव्हतं. “वाच,” म्हणाली. मी वाचलं. पास्कूने जानेवारीत वाटेवरून लिहिलं होतं, ‘आई, काळजी करू नको. नाताळ चांगला झाला. बाल्याने आम्हाला हॅम करून वाढलं. वर गूळ लावला होता, काचेसारखा चमकत होता. मी तीन वेळा मागून घेतलं.’

मी पत्राची घडी घातली. तोंडाशी आलेलं गिळलं.

मग मावशीनेच खारवलेलं मांस काढलं. तुकडे केले, उकळलं, पाणी फेकलं, पुन्हा उकळलं. तिसऱ्यांदा गूळ घालून तव्यावर परतलं. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. दहाला सुरुवात, पाऊण वाजता ताटात. खारट अजिबात नव्हतं.

“पास्कूला आवडलं असतं ना रे?” तिने विचारलं.

“आवडलं असतं, मावशी.”

पुढे दर नाताळला मीच मांस घेऊन जायचो आणि मीच रांधायचो. जेवण झालं की ती पत्र काढायची आणि मी वाचायचो. पंधरा वर्षं वाचलं. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. दर वर्षी तिचा चेहरा बघून गप्प बसलो. खरं सांगायचं तर तिच्यासाठी नव्हे. ‘देव तुजं भलं करो’ हे ऐकायची मला सवय लागली होती. मी भित्रा होतो आणि त्याची मला लाज वाटते.

मावशी तीन वर्षांपूर्वी गेली. पत्र तिच्या भाचीने मला आणून दिलं. मिठागरावर अवकाळी पावसाने मीठ विरघळलं की बाप म्हणायचा, हिशेब चुकला तर चुकला असं सांगून मोकळं व्हावं. म्हणून लिहितो.

लान्स नाईक पास्कू, ड्रायव्हर, राहणार पनवेल बंदर, चोवीस डिसेंबरला दुपारी तीन वाजता कॅम्पातून निघाला. हॅम पंचवीसला रात्री आठ वाजता वाढलं. त्याने ते खाल्लं नाही. पत्रातला मजकूर चुकीचा आहे, आणि ती चूक त्याची नाही.