एक कूलर आणि विहीणबाईंचं इंग्रजी

सांगली सोडताना मुलीनं फोनवर बजावलं होतं, "आई, मे महिन्यात येते आहेस, तक्रार करायची नाही." नागपुरात हुडकेश्वरला रिक्षातून उतरले आणि तक्रारीला तोंड उघडायचीही सोय राहिली नाही. आत गरम वाराच शिरायचा.

मुलीच्या सासूबाई, मंदाताई, मला थेट कूलरच्या खोलीत घेऊन गेल्या. उन्हाळ्यात नागपुरातलं घर म्हणजे ती एक खोली, बाकीच्या खोल्या नुसत्या सामानासाठी. दुपारी घरचे सगळे, शेजारच्या दोघी आणि मी, त्या एका वाऱ्यात आडवे.

"विहीणबाई, मूव्ह ओव्हर."

मी मान वळवली, तर मंदाताई.

"सरका म्हणून राहिली जी! परवा मुलाखत हाय माही. मुलींच्या होस्टेलात, रेक्टरची. इंग्रजीत घेतात म्हणे."

पन्नाशीत पहिलाच नोकरीचा अर्ज. माझ्या मुलीखेरीज घरात कुणी तो मनावर घेतला नव्हता. जावई तर म्हणाले, "काहून (कशाला) उन्हात जातं, आई?" मंदाताईंनी मात्र मोबाइलवरून दाटीवाटीचं सगळं इंग्रजी पाठ केलं होतं. मावून घ्यायचं तर स्क्वीझ इन, संपलं तर रन आउट, आहे त्यात भागवायचं तर मेक डू. रात्री जेवताना पाटवडीच्या रश्शानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी आणखी मागितला.

"रन आउट झाला," त्या म्हणाल्या. "नुसत्या वडीवर मेक डू करा."

मुलाखतीला मी सोबत गेले. बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. आत एक साहेब, एक मॅडम, एक कूलर. साहेबांनी विचारलं, एका खोलीत चौघी, कूलर एकच, भांडण झालं तर?

हा प्रश्न मोबाइलवर नव्हता. गेलं सगळं पाठांतर, मी मनात म्हटलं.

मग मंदाताईंची खुर्ची सरकल्याचा आवाज. "सर, प्लीज मूव्ह ओव्हर. ऑल एअर यू आर टेकिंग. मॅडम इज स्वेटिंग."

मी कपाळाला हात लावला. आत आधी मॅडम हसल्या. साहेबांची खुर्ची करकरत बाजूला झाली ती नंतर.

सांगलीला परतताना गाडीत मंदाताईंचा फोन आला.

"विहीणबाई, लागली जी नोकरी! आता पोट्टा (मुलगा) विचारून राहिला, घरी रस्सा कोन करन?"

"मग?"

"मेक डू कर म्हटलं!"

सांगलीच्या घरी तीन खोल्या, तीन पंखे आणि माणसं दोन. कुणाला सरकवायची वेळच येत नाही. दुपारी जेवण करून आडवी होताना यजमानांना म्हटलं, "मूव्ह ओव्हर."

"अगं, अख्खा पलंग रिकामा आहे."

"असू दे. सरका."